ओळखेपर्यंत बसायचं नाही

ऐका हो ऐका! समस्त हिंगोली जिल्ह्याला कळवण्यात येते की, आमच्या तांड्यावरच्या माणसांनी आजवर प्रवास म्हणून केलेला नाही. हा थोर शोध शिक्षकांच्या इंग्रजी प्रशिक्षणात, भर दुपारी, चहाच्या जरा आधी लागला. शोध लावणाऱ्यांच्या गळ्यात ओळखपत्र होतं. सरकारी भाषेत त्यांना साधनव्यक्ती म्हणतात. त्यांनी हजेरीतलं माझं आडनाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि प्रेमानं म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त ओळखायला बसा. तांड्यावर कुठलं आलंय ट्रॅव्हल?"

हॉल हसला. मीही हसले. तोंडाला सवय असते.

खेळ असा होता. खुर्च्यांचं रिंगण. एकानं मधे उभं राहायचं. मनातला एक इंग्रजी शब्द चिठ्ठीवर लिहून साधनव्यक्ती सरांकडे द्यायचा आणि तो शब्द न उच्चारता आपल्या प्रवासाची आठवण इंग्रजीत सांगायची. बाकीच्यांनी शब्द ओळखायचा. ओळखेपर्यंत मधल्यानं बसायचं नाही. सोमवारपासून हाच खेळ आपापल्या शाळेत घ्यायचा होता.

औंढ्याच्या बाईंनी काशी सांगितली. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या देवाची सेवा. त्यांचा शब्द होता 'टेंपल', तो तर त्या उठतानाच ओळखला गेला. वसमतच्या सरांनी काश्मीर सांगितलं. शब्द 'बोट'. टाळ्या. मग माझा नंबर, आणि वरचा शोध.

साधनव्यक्ती तेवढ्यावर थांबले नाहीत. सगळ्यांकडे वळून म्हणाले, "शाळेतही असंच करा. ज्या मुलांचा प्रवास झालेला नाही, त्यांना बाजूला ओळखायला बसवा. उगाच मधे उभं करून लाजवू नका."

त्यावर वसमतचे सर मांडीवर थाप मारून म्हणाले, "असं कसं, सर! यायचे पूर्वज बैलावर मीठ लादून अख्खा देश फिरलेत. लमाण म्हणल्यावर काय! यायच्यात बसणंच न्हाई, नुस्तं फिरणं!"

पुन्हा हशा. बघा कमाल. एका मिनिटात आम्ही कधीच न फिरलेले झालो आणि जन्माचे भटकेही झालो. दोन्ही वेळा हसणारी तोंडं तीच.

माझं हसू मात्र तिथं अडकलं. हशामुळे नाही. 'बाजूला बसवा' हे मी आधी ऐकलेलं होतं. लहानपणी दर उन्हाळ्याच्या तोंडाला आम्ही गावी परतायचो आणि मी शाळेच्या दारात उभी राहायचे. गुरुजी वर न बघता म्हणायचे, "आले पाव्हणे. बसा कोपऱ्यात." वर्षानुवर्षं मी पाहुणीच. आता मी त्याच इलाख्यात, सेनगावकडच्या एका शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली निम्मी लेकरं तांड्यावरची. दसरा झाला की त्यांचे आईबाप त्यांना घेऊन निघणार. त्यांना सोमवारी बाजूला बसवायचं. कुणी? मी. माझ्या तोंडानं.

पळून जावं म्हटलं तर दाराला बाहेरून कडी. प्रशिक्षणात सही ठोकून बस पकडायची आमच्या शिक्षकांची जुनी परंपरा. म्हणून शिपायाला सांगून ठेवलेलं, सत्र संपल्याशिवाय दार उघडायचं नाही. चहाची किटलीसुद्धा टेबलावर ओलीस. फेरी पुरी झाली की चहा.

मी उठले. मधे जाऊन उभी राहिले. चिठ्ठी लिहिली, दुमडली, सरांच्या हातात दिली.

"मॅडम, राहू द्या ना," ते हळूच म्हणाले.

"आय विल टेल," मी म्हणाले.

माझं इंग्रजी माझ्याइतकंच धट्टंकट्टं आहे. नाजूकपणा नाही, पण चालतं.

"वी गो इन ट्रक. फुल फॅमिली. गोट ऑल्सो."

"पिकनिक!" चौघं एकदम ओरडले.

"नो. वी लिव्ह देअर सिक्स मंथ. स्मॉल हाउस. नो ब्रिक. लीफ हाउस."

"रिसॉर्ट!"

"नियर रिव्हर. मॉर्निंग व्हेरी कोल्ड. वी मेक फायर."

"कॅम्पिंग! कॅम्पफायर!" औंढ्याच्या बाई आनंदानं टाळी वाजवून ओरडल्या.

देवाशपथ सांगते, मला मजा येत होती. वाळल्या पानांची, पाचटाची आमची कोपी अशी झोकात इको रिसॉर्ट होऊन बसली होती. याडी, म्हणजे माझी आई, ऐकती तर पदरात तोंड घालून हसली असती. मग मी हात वर केला, हवेत कोयता धरला, वाकले आणि एक घाव घातला.

"फादर हॅव बिग नाइफ. मदर ऑल्सो. कट, कट, कट. मॉर्निंग टू नाइट."

आवाज बंद.

एकदम. औंढ्याच्या बाई पदराचा काठ बघायला लागल्या. कुणी पेनाचं टोपण काढलं, घातलं, काढलं. मी रिंगणभर फिरून एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. नजर कुणीच देईना. वसमतचे सर घड्याळ बघत होते. सकाळी हेच सर नाश्त्याच्या रांगेत फोनवर ओरडत होते, "अहो मुकादम, औंदा तरी तोडीची टोळी टायमावर आणा! मागल्या साली फड उभा वाळला माझा!" मी त्यांच्या मागे प्लेट घेऊन उभी होते.

"गेस," मी म्हणाले.

पेनाचं टोपण पुन्हा निघालं.

"मॅडम," साधनव्यक्तींनी घाम पुसला. "मेमरी चेंज करा. हॅपी काहीतरी सांगा. प्रवास म्हणजे कसा, आनंद हवा."

"सर, नियम काय?"

"नियम आहे, पण…"

"ओळखेपर्यंत बसायचं नाही. मग मी उभीच."

"बाई, काहून ताणून राहिल्या?" मागून एक जण पुटपुटला. "माझी बस जाईल."

"जाऊ द्या, भाऊ. ट्रक येतो."

कुणी हसलं नाही. मला आपलं वाटलं, बरा होता विनोद.

मग आनंद हवा ना, म्हणून आनंदही सांगितला. "आय वॉज हॅपी ऑल्सो." ट्रकात मी भांड्यांच्या पोत्यावर सगळ्यांत उंच बसायची. वाटेत येईल त्या गावाची पाटी मोठ्यानं वाचायची. याडीला आणि काकीला वाचता येत नव्हतं, म्हणून गावं मी त्यांना सांगायची. मोठी नदी मी तिथं पहिल्यांदा पाहिली. डोंगर, घाट, बोगदा, सगळं बघितलं. आणि धाकटा भाऊ पाचटावर निजवून मोळ्या वाहिल्या, हात चिरले, तेही बघितलं. त्या वयात गुरुजींनी तालुक्याच्या पलीकडचं काही पाहिलं असेल का, देव जाणे. पण कोपऱ्यात मी बसायची.

अर्धं इंग्रजी, अर्धे हातवारे. सांगून झालं. शब्द मात्र उच्चारला नाही. नियम म्हणजे नियम.

चहावर साय धरली. दाराची कडी तशीच. आता कोंडलेली मी एकटी नव्हते, अख्खा हॉल होता. पाय दुखत होते. दुखू दे म्हटलं. मी बसले असते तर सोमवारी ती लेकरं बसली असती.

शेवटी वसमतच्या सरांनी घड्याळावर बोट आपटलं आणि छताकडे बघत ओरडले, "शुगरकेन! शुगरकेन! झालं?"

साधनव्यक्तींनी चिठ्ठी उघडली. शुगरकेन. टाळ्या. सुटकेच्या, मोठमोठ्या. मी वाजवल्या नाहीत. बसलेही नाही.

माझं तिथंच उभ्या उभ्या ठरलं. सोमवारी माझ्या वर्गात हा खेळ होणार. रिंगणात मधे आधी ऊसतोडीची लेकरं उभी राहणार. त्यांचा शब्द ओळखला जात नाही, तोवर काश्मीर पुढे सरकणार नाही. साहेब तपासणीला आले, तर त्यांचीही खुर्ची रिंगणात. आणि मार्चनंतर दारात परतलेल्या एकाही लेकराला माझ्या शाळेत पाहुणा म्हणायचं नाही, कुणीच. समजलं नाही असं सोंग माझ्यासमोर यापुढे चालणार नाही. सोंग कसं दिसतं ते मी जवळून पाहिलंय. कारण साधनव्यक्ती कौतुकानं वसमतच्या सरांना म्हणाले, "व्हेरी गुड गेस, सर! कसं काय ओळखलंत?" आणि बॅग खांद्याला अडकवता अडकवता सर बोलून गेले,

"ओळखायचं काय त्यात, सर? बाई ट्रकात चढल्या तव्हाच सगळ्यायला कळलं होतं!"