कमरेपर्यंत आपली

मास्तरांचं दुकान दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर होतं. ते इतकं चिंचोळं, की माप द्यायला उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाने हात पसरले तर एक हात रस्त्यावर जायचा. पुढे कापायचं टेबल, मागे शिलाईचं एक मशीन आणि कडा बांधायच्या ओव्हरलॉकचं एक, आणि दोन्हींच्या सापटीत काजं-बटणं करत बसलेली बायको. कुठल्याही टेलरला म्हणतात तसं यांनाही सगळे मास्तरच म्हणत. शाळा त्यांनी अर्ध्यावर सोडली होती, पण मास्तरकी मात्र जन्मभर चिकटली.

व्यंग झाकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एक खांदा उतरलेला असला तर आतून कापसाची गादी, पोट सुटलेलं असलं तर समोर दोन चुण्या, पाठीला बाक असला तर कॉलर जरा चढती. "देवाच्या चुका मीच दुरुस्त करतो," ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, "फक्त बिल त्याला पाठवता येत नाही." गिऱ्हाईक हसायचं, आणि बायको दाताने दोरा तोडत म्हणायची, "गिऱ्हाइकाला पाठवलेलं तरी कुठं वेळेवर येतंय?"

त्यांची एकुलती एक मुलगी भराभर उंच झाली. गल्लीतली पोरं तिला शिडी म्हणायची, आणि मास्तर बिचारे सारखे तिच्या कपड्यांची दुमड उसवून खाली सोडत बसायचे. पुढे ती व्हॉलीबॉल खेळायला लागली आणि तिच्या उंचीला अचानक भाव आला. जाळीच्या वर हात नेऊन ती चेंडू असा हाणायची, की पलीकडच्या मुली आधीच मान खाली घालायच्या.

एके दिवशी कॉलेजचे खेळाचे सर दुकानात आले. गळ्यात शिट्टी, तोंडात साखर. खेळाडूंच्या राखीव जागेवर प्रवेश, फी माफ, वसतिगृह, सगळं देतो म्हणाले. "मास्तर, आता ती आपली मुलगी. काळजी सोडा."

मास्तरांनी हातातली कातर खाली ठेवली आणि हात जोडले. "आता ती तुमचीच, सर."

बोलायची रीत असते तसं ते बोलले. मुलीला कुणाच्या हवाली करताना आईबाप आणखी काय बोलणार? पण सर 'आपली' म्हणाले ते मास्तरांच्या मनात घर करून राहिलं. 'माझी' नाही, 'तुमची' नाही, 'आपली'. त्या एका शब्दात कॉलेज येऊन आपल्या शेजारी बसलं, असं त्या भाबड्या माणसाला वाटलं. गिऱ्हाइकांना ते मापं घेता घेता सांगायचे, "कॉलेजवाले आपली मुलगी म्हणतात तिला." बायको ऐकून घ्यायची आणि सुई डोक्याला घासायची.

आणि खरोखरच, दोन वर्षं ती सगळ्यांची होती. ती जिंकली की प्राचार्य चषकाला असे कवटाळायचे, जसा काही त्यांनीच उडी मारून मिळवलाय. कॉलेजच्या फाटकावर तिचं चित्र लागलं. संघाच्या जर्सी शिवायचं काम मास्तरांकडे आलं, आणि पाठीवर तिचा आकडा शिवताना ते टाके जरा जवळ जवळ घालायचे.

मग संस्थेच्या अध्यक्षांकडे पाहुणे आले. त्यांना खेळ दाखवायचा म्हणून एक मैत्रीपूर्ण सामना ठरला. शिडीचा गुडघा आठवडाभर सुजलेला होता. तिने सरांना सांगितलं. सर म्हणाले, "पट्टी बांध आणि उतर. पाहुणे तुलाच बघायला आलेत, मला नाही." त्यात धूळ उडून पाहुण्यांचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून मैदानावर सकाळीच पाणी मारलं होतं. धुळीची केवढी ती काळजी! पोर उंच उडाली, खाली आली, ओल्या मातीवर पाय सरकला आणि गुडघा भलतीकडेच वळला.

"बाबा, आत दोरा तुटल्यासारखा आवाज आला," दवाखान्यात ती म्हणाली. डॉक्टरांनी गुडघ्यातला लिगामेंट तुटलाय म्हणून सांगितलं. ऑपरेशन लवकर केलं तर धावेल, उशीर केला तर चालण्यातही खोट राहील, असं अगदी सरळ सांगितलं.

मास्तर ऑपरेशनच्या खर्चाचं विचारायला कॉलेजात गेले. घाबरत नाही, हक्काने गेले. आपली मुलगी आहे ना! प्राचार्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, हळहळले. हळहळ फुकट असते, तिला मंजुरी लागत नाही. मग म्हणाले, "विमा आहे, मास्तर, पण तो स्पर्धेतल्या दुखापतीसाठी. हा तर मैत्रीपूर्ण सामना. तो नियमात खेळ धरला जात नाही."

"मग काय धरला जातो, साहेब?"

"करमणूक म्हणा. आणि शेवटी खेळायचं की नाही हा निर्णय तिचा होता. मुलगी तुमची. तुम्हीही तिला सांगायला हवं होतं."

मुलगी तुमची. मास्तरांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. त्यांनी खेळाच्या सरांकडे पाहिलं. सर कोपऱ्यात उभे राहून गळ्यातली शिट्टी पुसत होते. पाणी कुणी मारलं, पट्टी बांधून उतर कोण म्हणालं, हे सगळं त्या माणसाला ठाऊक होतं. तो म्हणाला काय, तर "ती उतरताना पाय चुकीचा टाकते, मी नेहमी सांगायचो." समोरचा चहा त्यांनी तसाच ठेवला. त्या कपालाही हात लावावासा वाटेना.

निघता निघता आणखी एक गोष्ट कळली. पुढच्या वर्षी ती खेळणार नसेल, तर खेळाडूंच्या राखीव जागेवर तिला ठेवता येणार नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी गुडघा गेला, त्यांनीच गुडघा गेला म्हणून जागा काढून घ्यायची. चोर तरी एवढा हिशोबी नसतो.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "जिंकली तेव्हा त्यांचा बाब्या, आणि पडली तेव्हा आपलं कार्टं," ती म्हणाली. "गरज सरो, वैद्य मरो. तुम्हीच म्हणालात ना, आता ती तुमचीच? घ्या."

बायकोचं खरं असलं की ते मशीनला तेल घालायचे. त्या दिवशी मशीनला फार तेल मिळालं.

काही आठवड्यांनी, पोर गुडघ्याला आधाराचा पट्टा लावून कुबड्यांवर चालत असताना, खेळाचे सर पुन्हा दुकानात उगवले. हातात कॉलेजच्या रंगाचं कापड. वार्षिक समारंभात शिडीचा सत्कार करायचं ठरलं होतं. नवीन माहितीपुस्तिकेसाठी फोटोही हवा होता. "कार्यक्रम झाला की ऑपरेशनचं आणि जागेचं बघू. प्राचार्य स्वतः म्हणालेत. फक्त एवढं करा, मास्तर, ट्रॅकसूट तुम्हीच शिवा. पँटचे पाय जरा ढगळ ठेवा. गुडघ्याचा तो पट्टा दिसायला नको. कुबड्या स्टेजच्या मागे ठेवू. फोटोपुरता मी तिला हात देईन. फोटोत ते बरं नाही दिसत हो. नवीन मुलींचे पालक बघतात."

"बघू म्हणजे करू?" मास्तरांनी विचारलं.

"बघू म्हणजे बघूच ना!" असं म्हणून सर हसले, कापड टेबलावर टाकलं आणि निघून गेले.

शिसारी आली तरी मास्तरांनी कापड उचललं. बापाचं मन लोचट असतं. एका ढगळ विजारीच्या बदल्यात पोरीचा पाय सरळ होत असेल, तर शिवू. जन्मभर लोकांची व्यंगं झाकली, हे आणखी एक. त्यांनी मुलीला बोलावलं आणि माप घेतलं. उजव्या मांडीला टेप फिरवली, मग डाव्या. डावी मांडी इतकी वाळली होती, की त्यांनी टेप सोडून पुन्हा फिरवली. वाटलं, आपलीच टेप कुठेतरी दुमडली असेल. टेप सरळच होती.

ते खडू घेऊन कापडावर वाकले. पण रेघ काही ओढली जाईना.

"बाबा," कुबडीवर रेललेली मुलगी म्हणाली, "डावा पाय कापा."

मास्तर दचकले. दुकानात रोज 'पाय कापला का, पाय जोडला का' असं बोलणं चालायचं, त्यात पँटच्या पायापलीकडे कुणाला काही दिसायचं नाही. पण या पोरीच्या तोंडून ते ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला.

"पँटचा हो," ती म्हणाली. "गुडघ्याच्या वर कापा. उजवा राहू द्या लांब. पट्टा दिसू द्या सगळ्यांना."

"वेडी झालीस? मग ते ऑपरेशनचं बघणार नाहीत."

"बाबा, ते बघू म्हणाले. तुम्ही गिऱ्हाइकाला 'बघू' म्हणता तेव्हा कपडे कधी देता?"

बायको सापटीतून खो-खो हसली. मास्तरांनाही हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरले. त्यांनी कातर उचलली आणि डावा पाय गुडघ्याच्या वर कापला. कड मात्र नीट दुमडून, दुहेरी टीप मारून शिवली. उद्या कुणी म्हणायला नको, की घाईत फाटली.

समारंभात शिडी कुबड्यांवर स्टेजवर चढली. उजवा पाय झाकलेला, डाव्यावर त्या आधाराच्या पट्ट्याची बकलं आणि काळा सापळा. सभागृहात कुजबुज झाली आणि लगेच विझली. सर हात द्यायला पुढे आले, तिने हात घेतला नाही. प्राचार्यांचं हसू जागच्या जागी वाळलं. पण पंचवीस वर्षं खुर्चीत काढलेला माणूस तो. त्यांनी माईक ओढला आणि "आपली मुलगी, आपला अभिमान," असं म्हणून टाळ्या घेतल्या. मग फोटोवाल्याकडे वळून हळूच काही म्हणाले. पहिल्या रांगेत बसलेल्या मास्तरांना ते स्वच्छ ऐकू आलं.

"कमरेच्या वरचा घ्या."

फोटो फार छान आला. माहितीपुस्तिकेत तो पहिल्याच पानावर होता. ऑपरेशनचं कुणी बघितलं नाही. जागाही गेली. मास्तरांनी ओव्हरलॉकचं मशीन विकलं आणि ऑपरेशन केलं, पण तोवर उशीर झाला होता. शिडी आता चालते, पण डावा पाय जरा ओढून. दुसऱ्या कॉलेजातर्फे बाहेरून परीक्षा देते आणि सापटीत आईच्या शेजारी बसून काजं करते. व्हॉलीबॉलचं नाव काढलं की ती सुईत दोरा ओवायला घेते, सुईत दोरा आधीच असला तरी.

नव्या वर्षी सर पुन्हा आले. निर्लज्ज माणसाला रस्ता चुकत नाही. मागे एक उंच मुलगी आणि तिची आई. "मास्तर, जर्सीचं माप. ही आपली नवीन मुलगी."

सापटीतली सुई थांबली. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. मुलगी हात पसरून उभी राहिली, एक हात रस्त्यावर गेला. मास्तरांनी तिचा खांदा मापला, छाती मापली, कंबर मापली. कमरेपाशी आल्यावर टेप गुंडाळून ठेवली.

"झालं?" सर म्हणाले. "पँट नाही का घ्यायची?"

"तुमची मुलगी इथवरच असते, सर," मास्तर म्हणाले. मग त्या मुलीच्या आईकडे वळले. "बाई, इथून खालची तुमची. ती जपा."

सर काही बोलणार तेवढ्यात मुलीने हात खाली घेतले. तिने मास्तरांकडे पाहिलं, मग सापटीतल्या शिडीच्या ताणून ठेवलेल्या डाव्या पायाकडे, आणि मग सरांकडे.

"सर, माझा गुडघा मोडला तर मी कुणाची?"

सरांनी शिट्टी चाचपली. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. मुलगी उत्तराची वाट बघत उभी राहिली, आणि तिच्या आईने पुढे होऊन लेकीचा हात धरला.