आप्पांनी वाटलेले पेढे

नावडे कॉलनीतल्या तुम्हा सगळ्यांना आठवत असेल, मी निघालो तेव्हा अर्धी कॉलनी गेटवर होती. मी अकरा वर्षांचा. मूलबाळ नसलेले मामा-मामी मला कॅनडाला नेत होते. आप्पा तळोज्याच्या कारखान्यात फिटर. पोराचं भलं होईल एवढंच त्यांना कळत होतं. जीपच्या खिडकीत वाकून म्हणाले, "मामा सांगंल तसं ऱ्हा. पर आपला देश इसरू नगंस." आई माझा स्वेटर उलगडून पुन्हा पुन्हा घडी करत राहिली.

तिकडे मी बर्फावरची हॉकी शिकलो, आणि सांगायला लाज कसली, चांगली खेळायचो. सतराव्या वर्षी कोच म्हणाले, कॅनडाच्या ज्युनियर टीमच्या कॅम्पला तुझं नाव देतो, पण आधी इथलं नागरिकत्व घे. म्हणजे भारताचा पासपोर्ट सोडायचा. मी हरखून घरी पत्र टाकलं, "हॉकीच्या राष्ट्रीय संघासाठी माझं नाव चाललंय." कुठल्या राष्ट्राच्या, ते लिहायचं राहिलं, की मीच टाळलं, देव जाणे.

आप्पांच्या लेखी राष्ट्र एकच. त्यांनी कॉलनीभर पेढे वाटले. गणपतीत तुम्ही त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केलात. पासपोर्टचं सांगायला मी शेजारी फोन केला, तर मी बोलायच्या आधी आप्पाच सांगायला लागले. "समद्यांनी टाळ्या वाजवल्या, बाळा. भारताकडनं खेळनार आपलं पोरगं."

मी फक्त "हो आप्पा" म्हणालो.

नागरिकत्वाचा फॉर्म तसाच पडून राहिला. कोचनी दोनदा विचारलं, मग दुसऱ्याचं नाव दिलं. बर्फावर खेळणारी भारताची ज्युनियर टीम तेव्हा अस्तित्वातच नव्हती. मी मात्र पत्रांतून मॅचेस खेळत राहिलो, मग एकदा गुडघा दुखावल्याची थाप मारून रिटायर झालो. आप्पा त्याच समाधानात गेले. पुढे नोकरीसाठी मी तोच पासपोर्ट मुकाट्याने बदलला. स्वतःची इतकी चीड मला कधीच आली नव्हती.

माझ्यासारखे बाकी जे बाहेर पडले, त्यांना निदान घरी परतायची सोय आहे. माझंही घर नावड्यातच आहे. पण तिथे आई अजून आल्यागेल्याला सांगते, पोरगा इंडियाकडनं खेळला. तिच्यासमोर बसून ते ऐकायची माझी छाती नाही, म्हणून मी येत नाही. हे तिला वाचून दाखवू नका.