बोर्डिंगातली भुतीण

अख्ख्या भंडारा जिल्ह्यात भुतांना वळण लावणारी एकच व्यक्ती होऊन गेली, आणि ती आमच्या मुलींच्या बोर्डिंगात माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायची. सत्तरच्या दशकातली गोष्ट. ती बपेऱ्याकडच्या धानाच्या शेतकऱ्याची मुलगी. आम्ही दोघी नववीत. बोर्डिंग नाकाडोंगरीजवळ, खाणीवरच्या साहेबांनी कधीकाळी सोडून दिलेल्या बंगल्यात होतं. उंच छत, लांब अंधारा वऱ्हांडा, मागे विहीर. पहिल्या दिवशी हातातली पेटी खाली ठेवायच्या आधीच ती म्हणाली, "इथं भुतीण नसन, तं आपल्याले आनाव लागन." त्याच आठवड्यात तिनं कादंबरी लिहायला घेतली.

कादंबरी याच बोर्डिंगातली. रेक्टरबाई खलनायिका, आणि भुतीण आमच्याच वयाची, पांढऱ्या परकरातली, दिवेलागणीला विहिरीपाशी उभी राहणारी. थंडी वाजल्याशिवाय भीतीचं वर्णन जमत नाही म्हणून जुलैच्या उकाड्यात ती घोंगडी पांघरून लिहायची आणि घामानं कागद ओले करायची. तिची भुतीण कोणाला घाबरवण्याआधी व्यवस्थित जेवायची. तांदळाची भाकर, वांग्याची भाजी. "भुतं कुठं जेवतात का?" असं मी विचारलं, तर मलाच दटावलं, "कोनाच्या घरी जाऊन राहिली ते उपाशी जाईन काय वं? तुमच्याकडं चालत असन." भेटेल त्याला ती विचारायची, "तुले कायचा भेव लागते?" टपालवाला म्हणाला, कुत्र्याचा. पुढच्या प्रकरणात एक टपालवाला आला आणि पानभर कुत्री भुंकली. प्रकरण झालं की ते आम्हाला वाचून दाखवायचं, आणि वाचता वाचता तिचा डोळा आमच्या हातांवर. "काटा आला काय? दाखव." एकीच्याही हातावर काटा नसला, तर पान तिथंच टराटरा फाडायचं.

काटा मात्र पाचवीच्या पोरींच्या अंगावर आला, आणि तो जाईना. दारामागून ऐकून त्यांनी संध्याकाळी विहिरीवर जाणं सोडलं. मग हात धुणं सोडलं. शेवटी रेक्टरबाई पाणी आणायला निघाल्या, तर त्यांच्या पदराला धरून पोरींची रांगच्या रांग मागे. बाईंनी माझ्या सोबतिणीला बोलावलं. "पोळा सरेपर्यंत ही भुतीण बोर्डिंगाबाहेर गेली पाहिजे. नाही तर तू जाशील."

तिच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणखी एक तक्रार आली की शाळा बंद, आणि उन्हाळ्यात लग्न. त्या दिवशी ती प्रथमच जेवली नाही. मी म्हटलं, "कागद जाळून टाक ना."

"कागद जाळून भुतीण जाते काय? पोरींच्या डोक्यात बसून हाये ते."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गावातली रोगराई, सारी पीडा मारबतीच्या पुतळ्यासोबत शिवेबाहेर घालवतात. तिनं पाचवीच्या पोरींकडूनच तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची, मारबत करवली, रेक्टरबाईंचं जुनं लुगडं मागून तिला नेसवलं, आणि सकाळी सगळं बोर्डिंग वाजतगाजत निघालं. "विहिरीवरची भुतीण घेऊन जा गे मारबत!" पोरी बेंबीच्या देठापासून ओरडत होत्या. कोणी खोकला दिला, कोणी गणिताचा पेपर. बाई आधी गंभीर होत्या, मग त्याही ओरडल्या, "डाळीतल्या अळ्या घेऊन जा गे मारबत!" शिवेवर पुतळा जळला. संध्याकाळी पाचवीच्या पोरी विहिरीवर गाणी म्हणत होत्या.

तिची शाळा वाचली. कादंबरी मात्र मेली. पुढचं प्रकरण तिनं वाचलं तेव्हा एकीच्याही हातावर काटा नव्हता. दोघी तर ऐकता ऐकता झोपल्या. "भुतीण गेली," ती एवढंच म्हणाली आणि घोंगडी घडी करून ठेवली.

पुढे ती भंडाऱ्याजवळच्या शहापूरला शिक्षिका झाली. ऐंशीनंतर एकदा तिच्याकडे गेले असताना मी विचारलं, ती भुतीण होती तरी कोण? भाजी निवडता निवडता तिनं सांगितलं. शेवटच्या प्रकरणात ते यायचं होतं. शाळेतून काढून लग्न लावलेली पोरगी होती ती. तिला कोणाला घाबरवायचंच नव्हतं. वर्गात बसायचं होतं.

"अन् आपनच तिले वाजतगाजत हाकललं," ती म्हणाली. हसलीही.

गेल्या महिन्यात ती गेली. तेरवीला शहापूरचा एक म्हातारा शेतकरी माझ्या शेजारी पंगतीत बसला होता. मी काही विचारलं नव्हतं. तोच सांगू लागला. "माह्या पोरीची सोयरीक जुळली होती जी. शाळेतून नाव काढलो. तं बाई दिवेलागणीले येऊन ओसरीवर बसल्या. भांडन नाही, काही नाही, नुसत्या बसून. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बायको म्हने, मले आता भेव लागून राहिला. पोरीले शाळेत धाडलो, तवा यायच्या बंद झाल्या."

"मग पोरगी?" मी विचारलं.

त्यानं वाढणाऱ्या बायांकडे बोट केलं. "ते नाही काय, भात वाढून राहिली ते. मास्तरीन हाये आता."

ती माझ्या पानापाशी आली. मी आणखी भात घेतला.