भाईंचं गाऱ्हाणं

आमच्या जामसंड्याच्या पिक्चर मंडळात माणसं आठ आणि धड गुडघे मोजून पाच. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी गुरुदासच्या मॅजिक गाडीत बसायचं, कणकवलीला तीनचा शो बघायचा आणि येताना नांदगाव तिठ्यावर भजी खायची. पिक्चर कुठला, ही चौकशी आम्ही गाडी सुटल्यावर करतो.

पण भाईंच्या गाऱ्हाण्याशिवाय गाडी सुटत नसे. भाई म्हणजे हरिश्चंद्र, बाजारातले पिठाच्या गिरणीवाले. बायको गेल्यावर वर्षभर घराबाहेर पडले नाहीत, आणि पडले ते हे मंडळ काढूनच. देवळात घालतात तसं साग्रसंगीत गाऱ्हाणं ते हातात नारळ धरून भररस्त्यात घालायचे.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा पिक्चराक चललीत. गाडी वाटेत बंद पडाक नको, फुडच्या खुर्चेर उंच माणूस बसाक नको, आणि बाईंका इंटरवलाच्या आधी झोप लागाक नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" भाईंसकट आम्ही सगळे ओरडायचो. बाई म्हणजे मी. पस्तीस वर्षं शाळेत पोरांना गप्प बसवलं, भाईंना बसवणं काही जमलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर भाईंना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. महिन्याभराने वाचा परत आली ती दोनच शब्द घेऊन: होय म्हाराजा. चहा हवा का? होय म्हाराजा. नको का? होय म्हाराजा. डॉक्टर म्हणाले, असं होतं. जन्मभर तोंडात बसलेलं तेवढंच मागे राहतं. त्यांना कळतं सगळं, सांगता येत नाही. हाताने खूण करा म्हटलं, तर डावा हात दोन्ही वेळा वर. मान हलायची तीही होकाराचीच. आमच्यातल्या सुगंधाला स्वतःच्या हुशारीचा फार भरवसा. तिने कागदावर 'हो' आणि 'नाही' लिहून बोट ठेवायला सांगितलं. भाईंनी कागदाची नीट घडी केली आणि खिशात घातली.

फेब्रुवारीत आम्ही त्यांना पिक्चरला नेलं. नायिकेचा बाप शेवटचा श्वास घेत होता आणि भाई मोठ्याने म्हणाले, "होय म्हाराजा!" अख्खं थिएटर हसलं. एकेकाचा कान धरून बाहेर काढावं असं मला वाटलं. भाई मात्र पडद्याकडे बघत रडत होते.

मे महिन्यात त्यांचा मुलगा गुरुप्रसाद डोंबिवलीहून आला. माझाच विद्यार्थी. बाबांना घेऊन जातो, घर बंद करतो म्हणाला.

"मी विचारलं त्यांना, बाई. हो म्हणाले."

"अरे, ते कशालाही हो म्हणतात!" मी भाईंच्या समोर खुर्ची ओढली. "भाई, तुमका हंयच ऱ्हवाचा आसा ना?"

"होय म्हाराजा," भाई म्हणाले.

"बघा," गुरुप्रसाद म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता तरी आलं असतं. "ठेवतो त्यांना इथे. रोज अंघोळ कोण घालणार? पडले तर उचलणार कोण? तुम्ही?"

मी सुगंधाकडे पाहिलं. ती पदराचं टोक बघत होती. आमच्यात सगळ्यांत तरुण गुरुदास, तोही एकसष्टचा. मला भरलेली बादली उचलत नाही. उत्तर न येणाऱ्या पोरांना मी जन्मभर बाकावर उभं केलं, आज माझी पाळी आली होती. त्याची लाज मला अजून वाटते.

निघायचा दिवस नेमका दुसरा रविवार. पिक्चरला कोण जाणार! सगळे भाईंच्या अंगणात जमलो. मुलाने त्यांना आपल्या गाडीत बसवलं, एक पाय बाहेरच होता. गुरुदासने माझ्या हातात नारळ दिला. "बाई, आज तुमीच घाला."

"बा देवा म्हाराजा," मी म्हटलं, "ह्या तुझा लेकरू आज मुंबयक चलला. थंय तेका सुखान ऱ्हवांदे, थंय तेचो जीव रमांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. भाई म्हणाले नाहीत.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा घातलं, मोठ्याने. पुन्हा सगळे म्हणाले. भाई ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत होते.

गुरुप्रसादच्याही ते ध्यानात आलं. त्याने गाडीच्या दाराला हात घातला. "तिथे डॉक्टर जवळ आहेत, बाई," तो म्हणाला. मग वाकून त्याने बापाचा पाय उचलून आत ठेवला आणि दार लावलं.