पट्टीचा वास

भोरच्या दवाखान्यात ड्रेसिंग करणारे मामा माणसापेक्षा जखमेशीच जास्त बोलतात. पट्टी सोडली की आधी नाकाशी धरतात, मग जखमेला विचारतात, "काय, बरं हाय न्हवं?"

शिवणकाम करून माझा अंगठा वाकवला की तसाच अडकायला लागला होता, म्हणून डॉक्टरांनी छोटं ऑपरेशन केलं. अँटिबायोटिक मात्र एकही लिहिलं नाही. त्याच दिवशी कडबाकुट्टीच्या यंत्रात हात गेलेल्या एका बाईंना ऑपरेशनच्या आधीच इंजेक्शन दिलं होतं. मला काही ते पटेना, म्हणून मामांना विचारलं.

मामा म्हणाले, "ताई, त्यांच्या जखमेत शेणमाती गेलती. तुमचं काम साफ हुतं. उगं कशाला गोळ्या? ठणका वाढला, लाली चढली तर लगीच या."

मी मान डोलावली आणि कामथडीला घरी येऊन दिरांच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांचं अर्धं पाकीट पर्समध्ये टाकलं. आमच्याकडे उरलेली गोळी कुणी फेकत नाही, ती शेजारीपाजारी फिरते. रोज पाकीट काढायचे, अंगठा बघायचे, परत ठेवायचे.

टाके काढायच्या दिवशी मामांनी पट्टी जरा जास्तच वेळ नाकाशी धरली. माझा जीव टांगणीला लागला.

"नुसता कापसाचा वास," ते अंगठ्याला म्हणाले. "शाना हाय."

मी एवढा मोठा श्वास सोडला की मामा पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. मग त्यांनी हात पुढे केला. "आता पर्समधलं पाकीट द्या."

"तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी टेबलाचा ड्रॉवर ओढला. आत अर्धी-अर्धी पाकिटं खच्चून भरली होती.