आईचं वन-वे तिकीट: भांडुप ते टोरंटो, मधे दोहाला पाच तास

आईला टोरंटोला दादाकडे नेऊन ठेवायचं, हे मी आणि दादाने फोनवर वीस मिनिटांत ठरवून टाकलं. आईला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, आम्ही राहू दिलं. तिला म्हटलं, "चल, सहा महिने नातवंडांबरोबर राहून ये." तिने विचारलं, "सहा म्हणजे सहाच ना रे?" मी "हो गं" म्हणालो आणि चहाच्या कपात तोंड घातलं.

आमची भांडुपची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती. पुढची तीन-चार वर्षं मुलुंडला भाड्याच्या वन बीएचकेत काढायची. मी, बायको आणि दहावीतली मुलगी. आईने हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचं, वय बाहत्तर, गुडघे गेलेले. दादाकडे तिला स्वतंत्र खोली. आम्हा दोघांना हे इतकं पटलं की मी माझं जायचं-यायचं तिकीट काढलं आणि आईचं फक्त जायचं. दादा म्हणाला, पुढचं पुढे बघू.

आता आईबद्दल. माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा तिने मालवणी मसाला करून विकायला सुरुवात केली आणि आम्हा दोघांना शिकवलं. अजूनही दर एप्रिलात गच्चीवर मिरच्या पसरते, धणे-बडीशेप भाजते, आणि भांडुपमधल्या पंचवीसेक घरांत वर्षाचा मसाला तिच्या हातचा जातो. एरवी आपल्यासारखं मुंबईचं मराठी बोलते. डोकं फिरलं की मात्र मालवणी सुरू. घरात सगळ्यांना हे माहीत आहे, त्यामुळे मालवणी ऐकू आली की आम्ही आधी दार बघतो.

ऑक्टोबरातली सकाळ. विमान दहाचं, आम्ही साडेपाचला टॅक्सीत. त्या वेळी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड मोकळा असतो, पवईवरून मरोळ आणि मग सहार, पाऊण तासात पोचतो. आठनंतर निघालात तर वाट लागली म्हणून समजा. म्हातारं माणूस बरोबर असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत आणि इमिग्रेशनची रांग टळते.

बॅगा देऊन आम्ही खुशीत पुढे सरकलो, तोच आमचं नाव पुकारलं. बॅग उघडायची आहे म्हणे. मला वाटलं मसाला सापडला. मसाल्याला कुणी हातही लावला नाही. साड्यांच्या घड्यांमधून निघाल्या सुक्या खोबऱ्याच्या नऊ वाट्या. तिकडे रश्शाच्या वाटपाला चांगलं खोबरं मिळायचं नाही, म्हणून आईने गुपचूप भरलेल्या. सुकं खोबरं तेलकट, पेट घेऊ शकतं, म्हणून ना मोठ्या बॅगेत चालतं ना हातात. हे मलाही माहीत नव्हतं. आपल्या कोकणातल्या मंडळींनो, लिहून ठेवा.

"खोबरा म्हणजे काय बॉम्ब असा?" आईने त्या तपासणीवाल्या बाईंना विचारलं.

बाई हसल्या. "आजी, नियम आहे. मी काय करू?"

"मग तुम्ही घरी घेऊन जा. टाकू नका. माझ्या हाताने निवडलंय." बाईंना तेही करता येईना. वाट्या कचऱ्याच्या डब्यात गेल्या आणि आई दोहापर्यंत माझ्याशी धड बोलली नाही, जणू मीच ते टाकलं.

मुंबई-दोहा प्रवास साडेतीन-चार तासांचा. एक सांगतो, पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या माणसाला टॉयलेट आधी दाखवून आणा. दार मधे दुमडतं, कडी सरकवल्याशिवाय दिवा लागत नाही आणि पाणी सोडल्यावर असा आवाज होतो की आई ओरडतच बाहेर आली. "अरे, ओढून नेईल ते माणसाला!" शेजारच्या रांगेतली मुलगी हसून हसून लाल झाली. मलाही हसू आलं, आणि लगेच वाटलं, हिला आपण खरं सांगितलेलं नाही.

दोहाला उतरलो तर विमानाच्या दारातच व्हीलचेअर उभी. ढकलणारे गृहस्थ माझ्याच वयाचे, नेपाळचे, हिंदी बोलणारे. आईने दोन मिनिटांत त्यांचं गाव, बायको, मुलं सगळं काढून घेतलं. कनेक्शनला घाबरायचं काही कारण नसतं, फक्त क्रम लक्षात ठेवा. बॅगा आपोआप पुढे जातात. आपली मात्र पुन्हा एकदा सुरक्षा तपासणी होते, म्हणून प्यायचं पाणी आधी संपवा. मग बोर्डावर गेट बघा आणि आधी गेटपाशी जाऊन या, खाणं-फिरणं नंतर. दोन-अडीच तासांचं कनेक्शन म्हाताऱ्या माणसाबरोबर घेऊ नका. आमचं पाच तासांचं होतं. आम्ही बाकावर बसून घरून आणलेले घावणे आणि लसणाची चटणी खाल्ली. आईचा राग निवळला. मला म्हणाली, "तुझा बाबा असता तर त्याने इथेच पथारी पसरली असती." आणि खुदकन हसली. मला वाटलं, आता सांगावं. नाही सांगितलं.

कॅनडाच्या विमानासाठी गेटवर कागदपत्रं पुन्हा बघतात, हे लक्षात ठेवा. काउंटरवरच्या बाईने माझा पासपोर्ट परत दिला, आईचा हातात धरून ठेवला आणि इंग्रजीत विचारलं, या पाहुण्या म्हणून चालल्यात, यांचं परतीचं तिकीट? मी "एक मिनिट" म्हणून मोबाइल काढला आणि त्यात काहीबाही शोधायला लागलो. काय शोधत होतो देव जाणे. नव्हतंच ते.

आईला इंग्रजी कळलं नाही म्हणून त्या नेपाळी भाऊंनी बिचाऱ्यांनी चांगुलपणाने सांगितलं, "अम्मा, मॅडम वापसी का टिकट माँग रही हैं."

"है ना," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "संतोष, दाखव की त्यांना."

मी मान खाली घालून स्क्रीनवर बोट सरकवत राहिलो. आईने एकदा मोबाइलकडे बघितलं, एकदा माझ्या तोंडाकडे. बाईने आम्हाला बाजूला थांबायला सांगितलं. तिकडे उतरल्यावर विचारतील, तिकीट असलेलं बरं, नाहीतर मला साहेबांना बोलवावं लागेल, म्हणाली. गेट बंद व्हायला तासभर होता.

"खरा सांग," आई म्हणाली. आवाज बारीक, पण मालवणी. "माका थय ठेवूक चललंस?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मग बिल्डिंग, मुलुंडचा हॉल, तिचे गुडघे, दादाकडची खोली, सगळं भडाभडा सांगितलं. ती ऐकत होती. मधेच चष्मा काढून पदराने पुसायला लागली आणि पुसतच राहिली. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

"मी खयच येवचंय नाय," ती म्हणाली. ना टोरंटोला, ना मुलुंडला. दोहाच्या विमानतळावर, व्हीलचेअरवर बसून, म्हणे कुठेच येणार नाही. नेपाळी भाऊ दोन पावलं मागे जाऊन उभे राहिले. लोक रांगेत लागायला लागले होते.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. म्हटलं, "आई, परतीचं तिकीट आत्ता काढू. तारीख तू सांग. तू सांगशील ती."

तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग बोटांवर मोजायला लागली. "मिरच्या एप्रिलात येतात. त्याआधी मला सगळ्यांच्या ऑर्डरी घ्यायच्या असतात. मार्चच्या अखेरचं काढ." पुढे म्हणाली, "मुलुंडच्या गच्चीची चावी कोणाकडे असते?"

"विचारतो," मी म्हणालो.

आता प्रवाशांसाठी अत्यंत कामाची गोष्ट. भारतातल्या बँकेचं कार्ड परदेशात वापरायचं तर ओटीपी येतो, आणि तो येतो आपल्या भारतातल्या नंबरवर. मी रोमिंग घेतलं नव्हतं. विमानतळाच्या वायफायवर ओटीपी येत नाही. तीनदा प्रयत्न केला. शेवटी वायफायवरूनच दादाला फोन लावला. तिकडे सकाळ, तो ऑफिसला निघालेला. मी दोन वाक्यांत सांगितलं. तो "अरे पण आपलं ठरलं होतं" म्हणेपर्यंत आईने माझ्या हातातून फोन घेतला.

"तुमचं ठरलं होतं. माझं आत्ता ठरलं. तारीख सांगते, लिहून घे."

बारा-पंधरा मिनिटांत तिकीट मोबाइलवर आलं. बाईने बघितलं, शिक्का मारला आणि आईला "हॅव अ नाइस फ्लाइट" म्हणाली. आईने तिला नमस्कार केला, माझ्याकडे बघितलंही नाही.

पुढचे चौदा तास. आईला कडेची सीट घ्या, दर दोन तासांनी उठवून दोन फेऱ्या मारायला लावा, पाणी द्या. जेवण नॉनव्हेज मागितलं तर चिकन बरं असतं, भात मात्र गोळा. आई सगळं करत होती, उठ म्हटलं की उठत होती. बोलत नव्हती. अर्ध्या वाटेवर मला डुलकी लागली, जाग आली तर माझ्या अंगावर तिचं ब्लँकेट होतं.

टोरंटोत मी नऊ दिवस होतो. दादाकडची खोली खरंच छान, खिडकीतून मेपलचं झाड, लाल झालेलं. वहिनीने कपाट रिकामं करून ठेवलं होतं. आईने त्यात चार साड्या ठेवल्या, बाकीच्या बॅगेतच राहू दिल्या. दादाने आणि मी एकमेकांना एकदाही विचारलं नाही की आपण असं का केलं. येताना तेच दोहा, तेच पाच तास, मी एकटा. चहा घेतला तो अर्धा टाकला.

मार्चअखेर आई एकटी आली. दादाने व्हीलचेअर नोंदवून दिली होती, गळ्यात पासपोर्टची पिशवी, इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी. मी सहारला तासभर आधी जाऊन कठड्याला टेकून उभा. ती आली ती व्हीलचेअरवर बसून, ढकलणाऱ्याला पगार किती मिळतो ते विचारत. तब्येत सुधारली होती. टॅक्सीत नातवंडांचं कौतुक मरोळपासून मुलुंड चेकनाक्यापर्यंत संपलं नाही. तिला तिकडे आवडलं होतं, हे मला पवईच्या आसपास कळलं.

आता ती हॉलमध्ये सोफ्यावर झोपते. गुडघे दुखतात, सकाळी उठायला वेळ लागतो. सोसायटीने गच्ची आठ दिवसांसाठी दिली, मिरच्यांनी सेक्रेटरीच्या घरी शिंका सुरू झाल्या म्हणून एकदा भांडणही झालं. मी तिच्याबरोबर मिरच्यांचे देठ खुडायला बसलो होतो, तेव्हा धीर करून विचारलं, "आई, अजून राग आहे का गं?"

"राग कसला," ती म्हणाली. साधं मराठी, न चिडता. "तिथे त्या बाईसमोर माझ्या पोराला उत्तर देता येईना, त्याची लाज वाटली."

"तुला सांगितलं असतं तर तू आली नसतीस ना. म्हणून."

तिने हातातल्या मिरचीचा देठ खुडला, बाजूला टाकला आणि माझ्याकडे बघितलं.

"विचारलं कुठे तुम्ही? मी कदाचित हो म्हटलं असतं."