जावयाचा पतंग आणि तुरीची काडी

चहा उकळेपर्यंत एक गोष्ट सांगून टाकतो. वरवट बकालला आलाच आहात, तर माझ्या पिठाच्या गिरणीवर कुणी ना कुणी ती तुम्हाला सांगणारच. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. निदान मीठमिरची कमी असेल!

फजिती एका पतंगाची आहे. पतंग माझा नाही, जावयाचा.

आमची मनीषा पुण्याला दिली. जावईबापूंना पतंगाचा नाद. पण आपला कागदाचा, मांजाचा, काटाकाटीचा पतंग नाही हो! यांचा पतंग पातळ कापडाचा, आत कार्बनच्या काळ्या काड्या, आणि दोऱ्या दोन. दोन्ही हातांत एकेक पट्टा अडकवायचा. डावा ओढला की पतंग डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. गिरक्या काय घेतो, जमिनीला पोट टेकवून परत काय उठतो! वजन म्हणाल तर हातात घेतल्यासारखं वाटतच नाही. आणि वाऱ्याचं तर नावच नको. दिवाळीत आले तेव्हा तुरीचं पान हलत नव्हतं, तरी जावईबापू आमच्या घरामागच्या वावरात तो खेळवत होते. वारा अगदीच पडला की हळूहळू मागे चालायचे. आपण मागे चाललो की पतंगाला तेवढाच वारा लागतो, असं त्यांचं म्हणणं.

मग मला म्हणाले, "बाबा, तुम्ही बघा ना उडवून."

आता मी मूळचा खामगावचा. लहानपणी संक्रांतीला माझा पतंग वर गेला की गल्लीतले बाकीचे आपापले पतंग उतरवून घ्यायचे. खोटं वाटतं? असू द्या. मी पट्टे हातात घेतले. पतंग जरा एका अंगाला कलला आणि हाताच्या सवयीनं मी ढील दिली. खामगावचा माणूस दुसरं काय करणार? पतंग अडचणीत आला की ढील! झालं. पतंग फडफडला आणि गवतात जाऊन आडवा झाला.

जावईबापू हसले. फार नाही, सासऱ्यासमोर हसावं तेवढंच. "बाबा, याला ढील चालत नाही. दोरी सैल सुटली की हा पडलाच."

ते तेवढंसं हसू माझ्या जिवाला लागलं, खरं सांगतो. सासऱ्याचा काही मान असतो की नाही?

जाताना ते म्हणाले, "संक्रांतीला येतोच आहोत, तर पतंग इथेच राहू दे. असाच जोडलेला खुंटीला टांगून ठेवा. पीठ बसलं तर कोरड्या फडक्यानं पुसा. बाकी काही करू नका."

बाकी काही करू नका! मला हे असं सांगतात का कुणी? मी त्याच क्षणी ठरवलं की संक्रांतीला याच पतंगाची गिरकी याच जावयासमोर घेऊन दाखवायची. गेलेला मान परत आणायचा. मग गिरणी सुरू करायच्या आधी, सकाळी सकाळी, मी चोरून वावरात जायला लागलो.

पहिल्याच सकाळी पतंग झकास वर गेला. मग कलला. मग माझ्या हातांनी परत ढील दिली. पतंग नाकावर ढेकळात आपटला आणि 'टक्' असा आवाज आला.

धावत जाऊन बघतो तर पोटातल्या आडव्या काडीचे दोन तुकडे! एक इकडे, एक तिकडे. जावयाची वस्तू, तीही सांगून ठेवलेली. मधोमध एक रबरी नळी लोंबत होती. ती पाहून मात्र जरा धीर आला. म्हटलं, अच्छा! म्हणजे ही काडी आधी जावयानंही मोडली आहे आणि नळी चढवून भागवलं आहे. आणि मोठे आले मला शिकवणारे!

आता वरवटात कार्बनची काडी कुठून आणणार? पण वावराच्या बांधावर गेल्या वर्षीच्या तुरीच्या काड्यांचा ढीग होता. एक सरळ काडी निवडली, चाकूनं तासली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पोती शिवायच्या दोऱ्यानं करकचून आवळली. माझ्या मते काम मूळच्यापेक्षा पक्कं झालं होतं.

आणि ते दोन तुकडे? घरात लपवले तर आमच्या मंडळींना, म्हणजे मनीषाच्या आईला, सापडणार. तिला सगळं सापडतं. मग डोकं लढवलं. अंगणात तिच्या गुलाबाच्या दोन कुंड्या आहेत. दोन्ही रोपं वाकली होती. एकेक तुकडा एकेका रोपाला आधार म्हणून खोचला आणि वर चिंधी बांधून दिली. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणि कुणाला पत्ता नाही! मंडळींनी ते पाहिलं आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, खूश झाली.

दुसऱ्या दिवसापासून खरी पंचाईत सुरू झाली. तुरीच्या काडीनं पतंग जड झाला. हळू वाऱ्यावर उठेचना. हळूहळू मागे चालून पाहिलं, तरी उठेना. भरभर मागे चाललो तेव्हा कुठे कमरेएवढा वर आला. मग काय, रोज सकाळी मी वावरात या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे या बांधापासून त्या बांधापर्यंत, उलटा धावायला लागलो. दोन्ही हात पुढे, एकदा डावा ओढ, एकदा उजवा ओढ, तोंडानं "उठ, उठ बाप्पा, उठ!"

हे सगळं आमच्या उकर्डाभाऊनं पाहिलं.

उकर्डाभाऊ म्हणजे आमचा शेजारी. त्याच्या वावराची वाट माझ्या धुऱ्यावरून जाते. आता त्या दोऱ्या इतक्या बारीक की लांबून दिसत नाहीत. पतंग तुरीच्या ओळीआड सरपटतोय. म्हणजे उकर्डाभाऊला दिसलं काय? तर गिरणीवाला वसंता वावरात हवेत हात मारत, स्वतःशी बोलत उलटा पळतोय. त्यानं मोबाईलवर व्हिडिओ काढला. मग गिरणीवर आला तेव्हा आवाज एकदम मऊ.

"वसंतभाऊ, कवापासून हाय हे?"

मी चपापलो. म्हटलं, यानं पतंग पाहिला! "दिवाळीपासून डोक्यात हाय बे."

"डोक्यात? मंग घरी सांगतलं का?"

"नाई. तूही सांगू नको. जवाई आले का त्यायलेच दाखवीन."

"त्यायलेच काऊन?"

"त्यायले समजते यातलं. पुण्याले राह्यतात ना."

उकर्डाभाऊच्या डोळ्यांत पाणी! मी म्हटलं, पतंगासाठी एवढं मनाला लावून घेणारा माणूस आज पहिल्यांदा पाहिला.

घरी सांगू नको असं मी म्हटलं होतं, म्हणून तो सरळ माझ्या घरीच गेला. व्हिडिओ मंडळींना दाखवला. मंडळींनी पुण्याला पाठवला. त्यानंतर माझ्याभोवती जे सुरू झालं ते काही मला कळेना. मंडळी गिरणीत येऊन बसायला लागली. "गिरणीच्या पट्ट्याजवळ जाऊ नका. मी टाकते गहू." दळण न्यायला आलेल्या बाया माझ्याकडे बघून गप्प व्हायच्या. एकदा मंडळी फोनवर मनीषाला सांगत होती, ते कानावर आलं. "कसं सांगू तुले, इतक्या वर्षात ज्या मानसानं कुंडीत तांब्याभर पानी टाकलं नाई, थो गुलाबाले आधार देऊन राह्यला! मले तवाच शंका आली होती."

मला वाटलं, कौतुक चाललं आहे.

संक्रांत दोन दिवसांवर होती. सकाळी वारा बिलकूल नव्हता. मी ठरवलं, आज काही झालं तरी गिरकी जमलीच पाहिजे. असा उलटा सुटलो की बस्स! पतंग उठला, डोक्याइतका, झाडाइतका. आणि वळला हो! तुमची शपथ, अर्धी गिरकी घेतली त्यानं! मी आनंदानं ओरडलो आणि पाठीमागून कुणीतरी मला घट्ट मिठी मारली.

"बाबा, शांत व्हा. आम्ही आलोय. काही होत नाही."

जावईबापू! मागे मनीषा, डोळे लाल. तिच्या मागे मंडळी, पदर तोंडाला. त्यांच्या मागे उकर्डाभाऊ. लेक-जावई पुण्याहून रात्रभर गाडी चालवत आले होते, आणि मी उलटा चालत असल्यामुळे मला कुणीच दिसलं नव्हतं. पतंग खाली पडला.

"बाबा, हातात काय आहे तुमच्या?" जावईबापूंनी पट्ट्यांकडे पाहिलं. मग दोरीकडे. मग दोरी धरून पार पतंगापर्यंत चालत गेले आणि तो उचलून म्हणाले, "ही काडी कसली?"

"तुरीची," मी म्हटलं. आता लपवून काय उपयोग? "तुमची मोडली जी माह्या हातून. तुमच्यासमोर गिरकी घेऊन दाखवाची होती मले, म्हणून..."

"मोडली? तुकडे कुठे आहेत?"

"अंगनात, गुलाबाच्या कुंड्यायत," मी म्हटलं.

जावईबापू पतंग घेऊन अंगणात गेले, आम्ही सगळे त्यांच्या मागे. एक काडी उपटली, दुसरी उपटली. तुरीची काडी सोडवली. मग एक काडी नळीत इकडून खुपसली, एक तिकडून. टक्! पतंग होता तसा झाला.

"बाबा, या दोनच असतात. मोडली नव्हती, नळीतून निसटली होती."

मनीषा आधी रडत होती, मग हसायला लागली, मग दोन्ही एकदम. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. एवढी धावपळ, एवढी रडारड, कशापायी, तर नळीत काडी खुपसायचं मला सुचलं नाही! जावईबापू मात्र या वेळी जराही हसले नाहीत. त्यांनी मला परत वावरात नेलं, पट्टे माझ्या हातात दिले आणि माझ्या मनगटांना धरून मागे उभे राहिले. "ढील नाही द्यायची. बस एवढंच." आणि पतंगानं त्या बिनवाऱ्याच्या सकाळी माझ्या हातून पूर्ण गिरकी घेतली. एकच घेतली, पण घेतली.

इकडे अंगणात आधार गेल्यामुळे दोन्ही गुलाब आडवे झाले होते. मंडळींनी ती तुरीची काडी उचलली, मधून मोडली आणि दोन्ही कुंड्यांत खोचली.

गावात तो व्हिडिओ अजून फिरतो. खरं काय ते सांगायला कुणी व्हिडिओ काढला नाही ना! परवा सोनाळ्याची एक बाई दळण घेऊन आली आणि मी समोर बसलेला असताना मंडळींना हळूच विचारते, "मायबाई, काकाचं कसं हाय आता?"

मंडळी पीठ झाडता झाडता म्हणते, "बरं हाय. सरळ चालतात आता. फकस्त वारा पडला का जरा लक्ष ठेवा लागते."